पोच घेतल्याशिवाय

आमच्या घरात डूख धरायची रीत आहे. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. नुसता डूख, आणि तोही लोणच्यासारखा वर्षानुवर्षं झाकून ठेवलेला. माझे बाबा वरवट बकालजवळच्या एका शाळेत शिपाई होते. तिशीत असताना त्यांना कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करायची संधी आली. दहावी पास होते, अक्षर मोत्यासारखं होतं. त्यांनी अर्ज लिहिला, दाखले जोडले आणि शाळेच्या बाबूपुढे धरला. बाबूने मान वर न करता सांगितलं, "ठेव टेबलावर." बाबांनी ठेवला. मुदत संपल्यावर विचारायला गेले तर तोच बाबू म्हणाला, "तुहा अर्ज तं आलाच नाई." पोच दाखव म्हणाला. पोच नव्हती. बाबा शिपाई म्हणूनच निवृत्त झाले.

त्यानंतर बाबांनी दोन गोष्टी केल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला एक जाड तार लटकवली, खालचं टोक आकड्यासारखं वळवून. घरातून जो कागद बाहेर जाईल त्याची पोच त्या तारेत टोचायची. रेशनकार्डाचा अर्ज, माझ्या स्कॉलरशिपचा फॉर्म, आईच्या ऑपरेशनचे कागद, सगळ्यांच्या पोचा तिथे आहेत. पोच मिळाल्याशिवाय बाबा कुठल्याही खिडकीवरून हलत नाहीत. मागे रांग ओरडली तरी नाही.

दुसरी गोष्ट चहाची. शाळेत चहा वाटायचं काम बाबांचंच होतं. हेडमास्तरांपासून नव्या मास्तरणीपर्यंत सगळ्यांना वाफाळता चहा, आणि बाबूचा कप सगळ्यात शेवटी, खिडकीत ठेवून साय धरलेला. एक दिवसही चुकला नाही. तक्रार करायची तरी कशाची? चहा तर मिळत होता. बदली होईपर्यंत, चौदा वर्षं, त्या माणसाने शाळेत गरम चहा प्याला नाही. ही गोष्ट मला आईने सांगितली, पुन्हा पुन्हा सांगितली. सांगताना तिच्या तोंडावर जे समाधान यायचं, ते बघत मी मोठी झाले.

म्हणून माझ्या वाट्याला असा बाबू आला, तेव्हा मी काय करणार हे ठरलेलंच होतं.

मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं डॉक्युमेंटेशन लिहिते. म्हणजे त्यांनी बनवलेली वस्तू कशी वापरायची ते दुसऱ्याला कळेल असं कागदावर उतरवायचं. गावात दुपारनंतर रेंज रुसते, म्हणून शेगावात स्टेशनजवळच्या एका लॉजच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली आहे. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत. मागच्या वर्षी कंपनीने एक नवीन टूल बनवलं, एआय एजंटांसाठी फाइल अपलोड करायचं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "एजंट म्हंजे? आरटीओतल्यासारखा?" मी म्हटलं, साधारण तसंच. आपलं काम आपल्या वतीने करून देणारा, फक्त माणूस नाही, प्रोग्राम. त्याला फोनवर कागदाचा फोटो पाठवायचा, तो योग्य जागी नेऊन ठेवतो. बाबांनी विचारलं, "पोच देते का?"

हसू नका. सगळं रामायण त्या एका प्रश्नात आहे.

हा एजंट माझं लिखाण वाचून काम करतो. तेच त्याचं शाळाशिक्षण. माणसासाठी लिहिताना दोन गोष्टी सोडल्या तरी चालतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. हा वाचक वेगळा आहे. तो कंटाळत नाही, लाजत नाही आणि 'समजलं नाही' असंही म्हणत नाही. जे लिहिलंय ते तंतोतंत करतो, आणि जे लिहिलेलं नाही तिथे आपल्या मनाचं ठोकून देतो, तेही अगदी नम्रपणे. म्हणून त्याच्यासाठी प्रत्येक पायरी लिहावी लागते.

पायऱ्या वरवर दोन दिसत होत्या. आधी टूलकडे जागा मागायची, मग त्या जागेवर फाइल ठेवायची. ठेवली की टूल सांगतं, 'ठीक'. मी तपासायला शेजारच्या पोरीची मार्कशीट घेतली. ही पोरगी आमच्या भिंतीपलीकडे राहते. आई शेतमजुरीला जाते, बाप नाही. त्या वर्षी बारावी झाली होती आणि बुलढाण्याला नर्सिंगला तिचा नंबर लागत होता. पण हॉस्टेल मिळालं तरच घरचे पाठवणार होते. खोली करून एकटी राहू देणार नाही, असं तिच्या मामाने साफ सांगितलं होतं. हॉस्टेल नाही तर दिवाळीनंतर लग्न. तर तिची मार्कशीट मी चढवली, टूल 'ठीक' म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर फाइल गायब.

टूल बनवणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अरे हो, ठेवल्यावर कन्फर्म करावं लागतं. तेव्हा एक नंबर मिळतो. नाही तर चोवीस तासांनी साफसफाईत उडतं." हे त्याने इतक्या सहज सांगितलं, जणू गावातल्या कुत्र्यालाही माहीत असावं. म्हणजे ते 'ठीक' म्हणजे आमच्या बाबूचं 'ठेव टेबलावर'. 

मी तिसरी पायरी लिहिली. बाकी दोन पायऱ्यांना मिळून जेवढी जागा दिली होती, त्याहून जास्त तिला दिली. तिला नाव दिलं 'पोच'. खाली ठळक अक्षरांत लिहिलं, की पोचेचा नंबर हातात आल्याशिवाय कुणालाही 'तुमचे कागद पोहोचले' असं सांगायचं नाही, आणि सांगताना तो नंबर द्यायचाच. उदाहरणं आमच्या बोलीतली घातली, कारण पहिलं गिऱ्हाईक आमच्याच जिल्ह्यातलं होतं: बुलढाण्यात मुलींचं हॉस्टेल चालवणारी एक संस्था, शेजारच्या पोरीला जिथे अर्ज करायचा होता तीच. त्यांच्या मुली 'मले फॉर्म भरायचा हाय' असंच लिहिणार होत्या. शेजारच्या पोरीलाच बसवून मी तिच्याकडून वाक्यं बोलून घेतली. तीन आठवडे लागले. आयुष्यात एवढ्या मनापासून मी काही लिहिलं नव्हतं.

ते माझ्या वरिष्ठाकडे गेलं. पुण्याचा माणूस, माझ्याहून दोनेक वर्षांनी लहान. आवाज मधाळ, आणि इतरांचं लिखाण कापताना विशेष मधाळ. याआधी एका व्हिडिओ मीटिंगमध्ये माझ्या तोंडून 'पाठवून राह्यली' निघून गेलं होतं. तेव्हापासून महिनाभर तो प्रत्येक मीटिंगची सुरुवात 'काय करून राह्यल्या, ताई?' अशी करायचा, आणि स्क्रीनवरचे बाकीचे आठ चौकोन हसायचे. मीही हसायचे. त्या हसण्याचा मला आजही राग आहे, त्याच्यापेक्षा माझ्या हसण्याचा जास्त.

दोन दिवसांनी दस्तऐवज परत आला. तिसरी पायरी उडाली होती. शेजारी शेरा: 'पुनरुक्ती. दुसऱ्या पायरीला ठीक आलं की झालं.' आणि वर, लेखक या जागी, त्याचं नाव. माझं नाव कुठेच नव्हतं, खालच्या आभारातसुद्धा नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

मी मेल लिहिली. तिसरी पायरी काढली तर फाइली एका दिवसात नाहीशा होतील, मी तपासून बघितलंय, कृपया ती परत घाला. नावाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. भीक मागायची नव्हती. त्याचं उत्तर पंधरा मिनिटांत आलं: 'ताई, तहसील कचेरीचं डोकं इथे नको चालवायला. पोच, शिक्का, टेबल नंबर... आपण पुढे आलोय.' शेवटी हसरा चेहरा.

त्या हसऱ्या चेहऱ्याकडे मी बराच वेळ बघत होते. खाली लॉजच्या दारात भाविकांची एक बस रिकामी होत होती, बायका पिशव्या मोजत होत्या. मी ठरवलं, आता एक शब्द नाही. मग शांतपणे त्याची आवृत्ती एजंटला वाचायला दिली आणि दहा फाइली पाठवल्या. दहाच्या दहा वेळा एजंटने कळवलं, 'आपली कागदपत्रे यशस्वीरीत्या पोहोचली आहेत. धन्यवाद.' दुसऱ्या दिवशी दहापैकी एकही जागेवर नव्हती. मी दोन्ही दिवसांचे स्क्रीनशॉट काढले, तारखेसकट. त्याची मेल आणि हे पुरावे एका फोल्डरमध्ये ठेवले. माझी तार तयार झाली.

टूल सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी सगळ्यांची मीटिंग झाली. गिऱ्हाइकासमोर त्याने ते चालवून दाखवलं. मी वाट बघत बसले होते, की आता फुटेल. कुठलं फुटायला! 'ठीक' आलं, 'धन्यवाद' आलं, टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी त्या फाइली बघायला कोण येणार होतं? तो म्हणाला, "तीन आठवडे यावर बसलो होतो, पण चीज झालं." मग विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?"

माझा माइक बंद होता. मी तो चालू केला आणि म्हणाले, "नाही सर."

तेवढं म्हणण्यासाठी चालू केला. मला त्याच्या तोंडावर 'नाही' म्हणायचं होतं, त्याला आठवावं म्हणून. माझी नोकरी कंत्राटी होती, हे खरं. दुसऱ्यांदा बोलले असते तर काढलं असतं, असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं. पण ते खोटं आहे. मला त्याचं नाक कापलेलं बघायचं होतं. चांगलं मुळापासून.

सोमवारी टूल सुरू झालं. हॉस्टेलच्या अर्जांची मुदत शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. मी संध्याकाळी घरी आले तर शेजारची पोरगी आमच्या अंगणात उभी, हातात मोबाइल, तोंड उजळलेलं. "ताई, पोचले कागद! सगळ्यात पयले मीच पाठोले. जे पयले पाठोतीन त्याइले पयले भेटन म्हन्ते."

बाबा खाटेवर बसले होते. त्यांनी हात पुढे केला. "पोच दाखो."

"फोनवरच हाय, आबा."

बाबांनी चष्मा लावला. मेसेज वाचला, खालीवर करून पुन्हा वाचला. मग माझ्याकडे बघितलं. "तुह्याच कंपनीचं हाय नं हे? याच्यावर नंबर काऊन नाई?"

आता सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं. फाइल चोवीस तास राहते. संस्थेतला कुणी तरी उद्या सकाळी अर्जांची ऑनलाइन पेटी उघडेलच. परवा पुन्हा उघडेल, तर आदल्या दिवशी दिसलेले अर्ज गायब असतील, बोंब उठेल. मंगळवार नाही तर बुधवार. मग सगळ्यांना पुन्हा पाठवायला सांगतील, पोरीचंही होऊन जाईल. सुंठीवाचून खोकला. फक्त दोन दिवस तोंड मिटून बसायचं. मी म्हणाले, "आता असंच असते, बाबा. नंबर नसते."

पोरगी उड्या मारत गेली.

मंगळवारी बोंब उठली नाही. बुधवारीही नाही. मी शेगावच्या खोलीत बसून दर तासाला मेल उघडत होते, आणि खरं सांगायचं तर मला मजा येत होती. कढीला ऊत येण्याची वाट बघावी तशी. गुरुवारी मात्र मला आठवलं ते, जे मला पहिल्या दिवशी आठवायला हवं होतं. पुण्याच्या माणसाला ते माहीत नसणं मी समजू शकते. पण मी तर अर्जांच्या तारेखाली वाढले. आमच्याकडे अर्जांची पेटी कुणी रोज उघडत नाही. मुदत संपल्यावर, दोन माणसांच्या सहीने, एकदमच उघडतात. लवकर उघडली तर वशिल्याचा संशय येतो. इथल्या प्रत्येक कचेरीची, प्रत्येक संस्थेची हीच रीत.

गुरुवारी दुपारी मी फोन हातात घेतला होता. पोरीला फक्त एवढं सांगायचं, की उद्याच्या एसटीने जा आणि कागद हाताने दे. नंबर लावला. मग वाटलं, ती जाईल, तिथे बोलेल, पेटी आधी उघडली जाईल. आणि तो म्हणेल, एवढंसं तर झालं होतं, वेळेत दुरुस्त केलं. त्याचं काही वाकडं होणार नाही. मी फोन ठेवून दिला.

शनिवारी संध्याकाळी पेटी उघडली. रिकामी.

सोमवारच्या मीटिंगमध्ये कंपनीचे मालक स्वतः होते. माझा वरिष्ठ मधाळ आवाजात सांगू लागला, की एजंटने भ्रमात खोटं सांगितलं, मॉडेलचा दोष आहे, दस्तऐवज अगदी निर्दोष होता. त्याला बोलू दिलं. पूर्ण बोलू दिलं. 'दस्तऐवज माझा आहे, मी जबाबदारी घेतो' इथपर्यंत येऊ दिलं. मग फोल्डर सगळ्यांना पाठवला आणि माइक चालू करून म्हणाले, "सर, पोच पाठवली आहे. बघून घ्या."

त्याचा चेहरा पडताना मी बघितला. आधी वाचताना हललेले ओठ, मग थांबलेले ओठ. मालकांनी त्याची मेल मोठ्याने वाचली, तहसील कचेरीपासून हसऱ्या चेहऱ्यापर्यंत. या वेळी आठ चौकोनांतलं कुणी हसलं नाही. मी हसले. आईच्या तोंडावर यायचं तेच समाधान माझ्या तोंडावर आलं असणार. त्या आठवड्यात त्याला त्या कामावरून काढलं, दस्तऐवजावर माझं नाव आलं, तिसरी पायरी जशीच्या तशी परत आली. त्या माणसाबद्दल मला तेव्हा काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. करावे तसे भरावे.

संस्थेने मुदत तीन दिवसांनी वाढवली. पण ज्या मुलींनी पहिल्याच आठवड्यात कागद हाताने नेऊन दिले होते, त्यांच्याकडे पोच होती. आधी त्यांना जागा दिल्या, आणि ते बरोबरच होतं. उरलेल्या थोड्या जागा फोनवाल्यांत वाटल्या, पण आधी कुणी पाठवलं याची नोंदच उरली नव्हती. सगळ्यात आधी पाठवणारी आमची शेजारीण प्रतीक्षायादीत अकरावी आली. तिच्या मामाने दुसऱ्याच दिवशी पाहुण्यांना फोन केला.

मी मात्र स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून त्या मेलची आणि स्क्रीनशॉटची प्रिंट काढून आणली होती. तारेत टोचायला. घरी आले तर पोरगी आमच्या ओट्यावर बसली होती, गुडघ्यात डोकं घालून. तिच्यासमोर नको म्हणून मी आत जाऊन बाबांच्या हातात कागद दिले. सगळी हकिकत सांगितली, अगदी रंगवून. तुम्ही बाबूची जिरवली तशी मी त्याची जिरवली, असं त्यांना म्हणाले.

बाबांनी चष्मा लावला आणि शिपाई माणसाच्या सवयीने आधी तारीख बघितली.

"हे तं चालू व्हायच्या आधीचं हाय."

"हाव."

"म्हंजे तुले माईत होतं."

"मी सांगतलं होतं नं बाबा त्याले. मेल हाय पाहा. त्यानंच आयकलं नाई."

"त्याले सांगतलं," बाबा म्हणाले. मग हनुवटीने ओट्याकडे दाखवलं. "इले?"

बाबांनी कागदांची नीट घडी केली, माझ्या हातात परत दिली आणि चहा ठेवायला गेले. आई गेल्यापासून घरातला चहा तेच करतात. आल्याचा वास सुटला. पहिला कप त्यांनी ओट्यावर नेऊन पोरीला दिला, फुंकर घालून पी म्हणाले. दुसरा स्वतः घेऊन तिच्या शेजारी बसले आणि सावकाश, बशीत ओतून प्याले. तिसरा कप आत खिडकीत होता.

पोरगी गेल्यावर त्यांनी तो उचलून माझ्यापुढे ठेवला. वर साय धरली होती.

याला आता चार महिने होतील. पोरीचं लग्न ठरलं आहे. बाबा माझ्याशी नीट बोलतात, जेवलीस का विचारतात, एसटी चुकू नये म्हणून सकाळी हाक मारतात. कप तेवढा रोज खिडकीतून येतो. मी तक्रार करत नाही. चहा तर मिळतो.